पंडुमाआधीची खीर

येरमेटोला, मूलजवळ, जि. चांदा
२५ सप्टेंबर १९५५

प्रिय शरयू,

लग्नानंतर तुझी जी पत्रं आली त्या प्रत्येकात एकच प्रश्न होता, "अगं, त्या जंगलात तू करतेस तरी काय?" बाबाही हेच विचारतात. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात बी.ए. झालेली मी पहिली, आणि घरात तर मॅट्रिकही कुणी नाही. त्यांना वाटलं होतं, पोरगी नागपूरला हायस्कुलात लागेल. मी इथे येऊन गोंडांच्या मुलींना पाटीवर 'ग' गिरवायला शिकवते आहे. आज तुला नीट सांगते, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस.

शाळा म्हणजे एक मांडव. मुलगे येतात, मुली येत नाहीत. मुलगी शाळेत गेली तर मोहाची फुलं कोण वेचणार आणि धाकट्यांना कोण सांभाळणार? आल्यापासून माझा सगळा जीव यातच गुंतला आहे. कलाबाई म्हणून एक विधवा आहे. तिची इतवारी ही माझी पहिली मुलगी. बाकीच्या आया कुंपणापाशी उभ्या राहून बघतात आणि निघून जातात. माझ्याविषयी त्यांचं अजून ठरायचं आहे.

ते कसं ठरणार आहे तेही सांगते. इथे आता लवकर येणारा हलका धान पिकला आहे. संध्याकाळी बांधावरून गेलं की त्या ओंब्यांचा असा वास येतो, शरयू, की भूक नसताना भूक लागते. पण त्यातला एक दाणा कुणी तोंडात घालत नाही. यांचा 'पंडुम' व्हावा लागतो. पंडुम म्हणजे सण. गावचा पुजारी असतो, त्याला भूमक म्हणतात. तो नवा तांदूळ आधी देवाला आणि मेलेल्या वाडवडिलांना देतो, मग सगळं गाव एका पंगतीला बसून पहिला घास घेतं. तोवर घरात जुनं धान्य संपलेलं असलं तरी आंबील पिऊन राहतात. परवा मी सहज एक ओंबी तोडून दाणा सोलला, तर इतवारीने माझा हात धरला. "बाई, नोको. अजून देवाचं झालं नाई." सहा वर्षांची पोर! मी दाणा टाकला आणि तिला म्हटलं, "तुमचं होईपर्यंत मीही नवा तांदूळ खाणार नाही." ही गोष्ट त्याच दिवशी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी कलाबाई सांगत आली की यंदा पंडुमाच्या पंगतीत बाईंचं पान मांडायचं असं भूमक म्हणाला. "पंगतीत बसल्या की तुमी आमच्या. मंग बाकीच्या बी पोरी धाडतीन."

तुला हे लहानसं वाटेल. मला रात्री झोप येत नाही इतका आनंद झाला आहे. पंडुम दसऱ्याच्या आधी आहे.

तुझी,
वच्छला


चांदा
६ ऑक्टोबर १९५५

प्रिय वच्छी,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं! हे होते, मंदा आणि तिचे वकीलसाहेब जेवायला आले होते. सगळे अगदी रंगून गेले. मंदा म्हणाली, हॉस्टेलमध्ये हिचा चरखा होता, आता तांदूळ आहे. रागावू नकोस हं.

आणि आता खरी बातमी. आम्ही येतो आहोत! यांचा यंदाचा लाकडाचा ठेका तुमच्याच बाजूच्या जंगलात आहे. तुझ्या गावापासून जवळच तो तलावाकाठचा बंगला आहे ना, तो सोळा तारखेच्या रविवारसाठी मिळाला आहे. जीपने सकाळी निघू, जेवू, गप्पा मारू आणि दिवेलागणीला परत. तू, मी आणि मंदा, हॉस्टेलसारखं एका ताटात नाही पण एका टेबलाशी! तू फक्त चालत यायचंस. जेवणाची काळजी करू नकोस. आमचे दिवाणजी, नथ्थू, आधी पुढे जाऊन सगळं बघतील. शेवटचा पदार्थ तुझ्यासाठी खास आहे. सांगणार नाही.

तुझीच,
शरयू


येरमेटोला
११ ऑक्टोबर १९५५

प्रिय शरयू,

येते, येते! दोन वर्षांत कुणाशी पोटभर बोलले नाही. तुला पाहिलं की आधी रडेन आणि मग बोलेन.

एकच विनंती. तुमचे नथ्थू दिवाणजी काल गावात आले होते. "साहेब लोक येऊन राह्यले, कोंबड्या काढा, दूध काढा," असं ओरडत घरोघर फिरले. मी त्यांना सांगितलं, की हे माझे पाहुणे आहेत, गावचे नाहीत. ते हसून म्हणाले, "बाई, तुमी काऊन तरास घेता?" लोकांच्या घरात सध्या काही नाही ग. मी गंमत म्हणून लिहीत नाही. चांद्याहून जे आणाल तेच शिजवा. मला पिठलं चालेल.

तुझी,
वच्छला


येरमेटोला
१८ ऑक्टोबर १९५५

शरयू,

रविवारी मी न सांगता उठून आले. तुम्ही हाका मारत होता, त्या ऐकू येत होत्या. का आले ते लिहायला दोन दिवस लागले, कारण लिहायला बसलं की तोंडात तीच चव येते.

सुरुवात तर किती छान झाली होती. तू जीपमधून उडी मारलीस, आपण दोघी रडलो. मंदाने पानांचा डबा काढला. तलावातले मासे, वांग्याची भाजी, सगळं झालं. मी कितीदा तरी हसले. मग ती खीर आली. वेलदोडा, केवडा, वर चारोळ्या. तू तुझी वाटी बाजूला सारलीस. "माझी दाढ दुखतेय, तुम्ही घ्या." मी घेतली.

आमच्या घरी धानच पिकतो. नवा तांदूळ जिभेला कसा चिकटतो ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण केवड्यात मला पहिल्या घासाला कळलं नाही. दुसऱ्याला कळलं. मी चमचा खाली ठेवला. तुझ्या यजमानांचं माझ्याकडेच लक्ष होतं. "ओळखलंत वाटतं? येरमेटोल्याचाच आहे! गोंडांच्या देवाच्या आधी आपला नंबर लागला, वच्छलाबाई!" असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली. मंदाचे वकील म्हणाले, "आता देवाने अपील करायचं तर मुदत संपली." सगळे हसले. दात काढून, ओठांवर दूध लागलेलं असताना हसले. वकीलसाहेब वाटी बोटाने निपटत होते आणि बोट चोखत होते. ते बोट मला अजून दिसतं.

मी मागच्या बाजूला जाऊन ओकले. मंदा रुमाल नाकाला लावून लांबून म्हणाली, "अगं, काय हे! लग्नाआधीच?" आणि त्यावरही कुणीतरी हसलं.

मागच्या पडवीत कलाबाई बसली होती. समोर उखळ, मुसळ आडवं. तिने माझं ओकणं पाहिलं, खीर पाहिली, सगळं पाहिलं. मला म्हणाली, "बाई, तुमी खाल्ल्या?"

मी पदराने तोंड पुसलं. तीच पुढे म्हणाली,

"दिवाणजी सांगे, बाईनं नवे तांदूळ मांगले. मी म्हटलं, बाईले तर मालूम आहे. मांगते त शाळेत पोरायले दाखवाले मांगत असन. म्हून माह्या वावरातले देल्ले. दिवाणजीनं इथं बलावलं, त कुटून बी देल्ले. तुमचं नाव होतं ना, म्हून खातीन असं वाटलंच नाई."

कळतंय का तुला? नथ्थूने धाक दाखवून मागितले असते तर तिने दिले नसते. इथल्या बाया दिवाणजींना घाबरतात, पण देवाला जास्त घाबरतात. तिने दिले ते माझं नाव ऐकून. मी खाणार नाही याची तिला खात्री होती म्हणून दिले.

मला तुमची किळस आली आहे. हा शब्द मी खूप विचार करून लिहिते आहे. राग असता तर बरं झालं असतं.

वच्छला


चांदा
२४ ऑक्टोबर १९५५

प्रिय वच्छला,

तुझं पत्र वाचून मी सुन्न झाले. एक वाटी खीर, आणि तुला माझी किळस येते म्हणतेस! मीच ना ती, जिने तुझ्या तापात रात्र रात्र पट्ट्या ठेवल्या?

पहिली गोष्ट, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. तो नथ्थूचा उद्योग. त्याला सांगितलं होतं, की चांगला तांदूळ बघ, एवढंच. यांनी थट्टा केली ती तिथल्या तिथे सुचली म्हणून. यांचा स्वभाव तुला माहीत नाही. आणि पाहुणी म्हणून येऊन न सांगता निघून जायचं, यजमानांच्या बंगल्यामागे ओकायचं, याला काय म्हणायचं? वकीलसाहेबांसमोर मला मान खाली घालावी लागली.

दुसरी गोष्ट. तू बी.ए. आहेस. तर्कशास्त्र तुला माझ्याहून चांगलं यायचं. तांदूळ मंगळवारी खाल्ला काय आणि रविवारी खाल्ला काय? तू त्या लोकांना या असल्या समजुतींतून बाहेर काढायला गेली आहेस, की त्यांच्यात जाऊन बसायला? खरं तर एकदा मोडलं हे बरंच झालं. काही आभाळ कोसळलं नाही, हे त्यांना दिसेल.

राग सोड. सोबत एक पेटी पाठवते. मुलींसाठी फ्रॉक आहेत, नव्या पाट्या आहेत, आणि चिन्नोर तांदूळ आहे, त्या बाईला दे. तिने दिला त्याच्या कितीतरी पट आहे. म्हणजे झालं ना?

तुझीच,
शरयू


येरमेटोला
२ नोव्हेंबर १९५५

शरयू,

पेटी परत पाठवते आहे. उघडली नाही. ज्या गाडीवानाने आणली तोच नेतो आहे.

तुला वाटलं, आभाळ कोसळलं नाही. इथे काय झालं ते सांगते. दसरा गेला आणि पंडुम झाला नाही. भूमक लालसूने सांगितलं, देवाचं उष्टं झालं, आता देवापुढे नवं ठेवता येत नाही. ज्यांनी खाल्लं त्यांनी देवापुढे उभं राहून आपल्या तोंडाने सांगितलं पाहिजे, मग शांती करून पंडुम होईल. तोवर कापलेला धान वावरातच पडून आहे. रानडुकरं रोज येतात. लोक कोदो या भरड धान्याची आंबील पितात, तीही आता पाण्यासारखी. कलाबाईच्या घरी कुणी विस्तव मागायला जात नाही. तिने कुटलं ना! आणि माझा मांडव रिकामा आहे. इतवारी येत नाही. मुलगेही येत नाहीत. मी रोज सकाळी झाडून घेते आणि बसते.

तर्कशास्त्राचं म्हणतेस. मी समजुती मोडायला आले आहे, हे खरं. मी इतवारीला देवी टोचून घ्यायला लावली, तेव्हा भूमक चार दिवस माझ्याशी बोलला नव्हता. पण मी आधी माझा दंड पुढे केला होता. मोडायचं असेल तर असं मोडतात. जेवायला बसून, दुसऱ्याच्या देवाच्या नावाने टाळ्या देत, त्यांच्या भुकेवर केवडा शिंपडून मोडत नाहीत. आणि तुझ्या सासूबाई तुला महिन्यातले चार दिवस माडीवर बसवतात, असं तूच लिहिलं होतंस. तिथे तुझ्या यजमानांनी, गुणवंतरावांनी, काय मोडलं? सोपं असतं ते गोंडांचं मोडणं.

आता "ठाऊक नव्हतं" याविषयी. शरयू, मी सप्टेंबरात सगळं लिहिलं होतं. ओंब्यांचा वास, पंडुम, माझं वचन, पंगतीतलं माझं पान. ते तू मोठ्याने वाचून दाखवलंस. टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तरीही एक मागते. इथे या. चौघेही. बंगल्यावर नको, गावात या. कुणी तुम्हाला शिव्या देणार नाही, दंड मागणार नाही. फक्त देवापुढे उभं राहून म्हणायचं, की आम्ही खाल्लं. एवढ्यावर हे लोक धान घरी नेतील. तू आलीस तर मी सगळं विसरेन, असं खोटं लिहीत नाही. पण प्रयत्न करेन.

आणि एवढं खरं सांग. माझं नाव घ्यायला नथ्थूला कुणी सांगितलं?

वच्छला


चांदा
१० नोव्हेंबर १९५५

वच्छे,

मी.

नथ्थू येऊन म्हणाला होता, "बाईसाहेब, मरतीन पन देनार नाई." सगळे माझ्याकडे बघत होते. बेत माझाच होता ना, "देवाच्या आधी आपण" हे पत्र वाचताना मीच म्हणाले होते. मग मी म्हटलं, मास्तरीणबाईंचं नाव सांगा. तोंडातून निघून गेलं. तुझ्या त्या पत्रात तू इतकी सुखी होतीस, आणि त्यात आपलं हॉस्टेल नव्हतं, मी नव्हते. कोण कुठल्या बायका, त्यांच्या पंगतीत पान मिळालं म्हणून तुला झोप येत नव्हती. मला ते सहन झालं नाही, असं समज.

गावात येणं शक्य नाही. यांच्यापाशी विषय काढला तर म्हणाले, उद्या त्याच लोकांकडून झाडं तोडून घ्यायची आहेत, त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहू? बरोबरच आहे. मंदाला तर विचारलंही नाही.

आणखी एक सांगते, म्हणजे तुझा राग थोडा उतरेल. मी ती खीर खाल्ली नाही. तुझ्या लक्षात आलं नाही का? दाढ वगैरे काही दुखत नव्हती. मला दिवस गेले आहेत. तुलाच प्रथम सांगणार होते, त्या दिवशी जेवणानंतर, तलावावर जाऊन. वाटी समोर आली. वाटलं, नको बाई, काही झालं म्हणजे? देव कुणाचा का असेना. म्हणून मी शिवलेसुद्धा नाही. तेव्हा निदान माझ्यापुरतं तुझ्या लोकांचं काही बिघडलेलं नाही.

दिवाळीला ये. मला कुणाशी तरी बोलायचं आहे.

शरयू


येरमेटोला
२१ नोव्हेंबर १९५५

सौ. शरयूबाई यांस,

आपलं पत्र मिळालं. दिवाळीला आले नाही. यापुढेही येणार नाही.

पंडुम झाला. आपणाकडून कुणी येणार नाही हे कळल्यावर मी लालसू भूमकाला म्हटलं, मी एकटी उभी राहते. मोहाच्या झाडाखाली सगळं गाव जमलं होतं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी म्हटलं, "मी खाल्लं. मागितलं नव्हतं, पण खाल्लं."

लालसू म्हणाला, "अखीन कोन कोन? नाव घे."

मी गुणवंतरावांचं नाव घेतलं. मंदाचं घेतलं. तिच्या यजमानांचं घेतलं. प्रत्येक नावाला तो एकेक दाणा पानावर ठेवत होता.

"अन् ते तुही मैतरीण? जिची जीप होती?"

"तिने नाही खाल्लं."

"काऊन?"

"तिला भीती वाटली."

मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग तिले मालूम होतं." मी म्हटलं, "होतं." लालसूच्या हातात एक दाणा तसाच होता. मग म्हणाला, "खाल्ले त्यायचं मी पाहतो. देव बी पाहते. पन आपन न खाऊन जे दुसऱ्याले खाऊ देते, त्याचं माह्यापाशी काई नाई." तो दाणा त्याने परत टोपलीत टाकला.

खाणाऱ्या चौघांची शांती झाली. गुणवंतरावांना सांगा, त्यांच्यावर इथल्या देवाचा राग राहिलेला नाही. ते हसतील. हसू द्या.

धान घरोघरी गेला. डुकरांनी ठेवला तेवढा. पंगतीत माझं पान मांडलं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर कलाबाईने पंगतीच्या बाहेर, तिच्या शेजारी, एक पळसाचं पान ठेवलं. तिचंही पान बाहेरच होतं. आम्ही दोघी जेवलो.

इतवारी परवापासून शाळेत येते. बाकीच्या मुली येत नाहीत. इतवारीबरोबर कलाबाईही येते आणि मी काय शिकवते ते ऐकत दिवसभर दारात बसून राहते. आधी ती मुलीला सोडून मोहाच्या रानात जायची, मागे वळून पाहायची नाही. आता तिचं काम बुडतं तरी ती उठत नाही. मी पाटीवर अक्षर काढते तेव्हा ती अक्षराकडे बघत नाही, माझ्या हाताकडे बघते. हे किती वर्षं चालेल मला माहीत नाही. ती जेवढं बसेल तेवढं मी शिकवीन.

आपल्या बाळाला उदंड आयुष्य लाभो. हे मी मनापासून लिहिते. इथल्या देवाचा त्याच्यावर राग नाही आणि त्यालाही या देवाचं भय नसावं. आपल्याविषयी मात्र मनात जे आहे ते अठरा ऑक्टोबरच्या पत्रात लिहिलं होतं. त्यातला एकही शब्द मला परत घ्यावासा वाटत नाही.

माझं पहिलं पत्र आपण जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. हेही दाखवावं. कुणी समोरची वाटी बाजूला सारली, तर का सारली ते विचारावं.

वच्छला नानाजी भोयर